व्यक्तिचित्र आणि द्विभिंगी कॅमेरा : डिअ‍ॅन आर्बस यांच्या निवडीचा विचार

व्यक्तिचित्रासाठी मध्यम आकाराच्या फिल्मचा कॅमेरा का निवडावा, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘निगेटिव्ह मोठी मिळते म्हणून’ असे आहे. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. अमेरिकन छायाचित्रकार डिअ‍ॅन आर्बस (१९२३–१९७१) यांनी १९६२ च्या सुमारास केलेली निवड या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे. कारण त्यांच्या चित्रांविषयीच्या एका नैतिक वादाशी तिचा निकटचा संबंध पोहोचतो.

प्रथम आकाराचा विचार करू. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये ‘१२०’ क्रमांकाची फिल्म बाजारात आणली. सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीच्या या फिल्मच्या एका गुंडाळीवर १२ चौरस चित्रे बसतात. प्रत्येक चित्राची बाजू प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३,१३६ चौरस मिलिमीटर भरते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरच्या चित्राचे क्षेत्रफळ अवघे ८६४ चौरस मिलिमीटर असते. मोठी निगेटिव्ह कमी वाढवावी लागते. त्यामुळे फिल्मचे कण कमी दिसतात, आणि त्वचा व वस्त्र यांच्या पोतातील भेद स्पष्ट राहतो. आर्बस आरंभी ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर काम करीत. पुढे त्यांना हे कण नकोसे झाले व स्पष्टता हवीशी वाटू लागली.

तथापि हीच निगेटिव्ह देणारे कॅमेरे एका जातीचे नव्हते. जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हाइडेके यांच्या कारखान्याने १९२९ मध्ये आणलेल्या रोलीफ्लेक्समध्ये दोन भिंगे एकावर एक बसविलेली असतात. वरच्या भिंगातून पाहावयाचे, खालच्यातून चित्र घ्यावयाचे. स्वीडनमधील हॅसलब्लाडचा १९५७ चा ५००सी हा कॅमेरा एकभिंगी होता. त्याचे भिंग बदलता येत असे. १५० मिलिमीटरचे भिंग लावून काही अंतरावरूनही चेहरा चौकटभर घेता येई. परंतु चित्र घेताना त्यातील आरसा वर उचलला जाई आणि फिल्म पुढे सरकवीपर्यंत समोरचे काही दिसत नसे. रोलीफ्लेक्सचा आरसा स्थिर असल्याने ऐन चित्र घेण्याच्या क्षणीही समोरची व्यक्ती काचेवर दिसत राही. उलटपक्षी त्याचे भिंग बदलता येत नसे, आणि जोडभिंगाविना सुमारे १ मीटरहून जवळ जाता येत नसे. दोन्ही कॅमेऱ्यांचे शटर भिंगातच असल्यामुळे भर दिवसाही कोणत्याही वेगाला फ्लॅश वापरणे शक्य होते.

आर्बस यांनी रोलीफ्लेक्स घेतला. १९६४ च्या सुमारास त्यांनी त्याच्या जोडीला मामिया कंपनीचा कॅमेरा फ्लॅशसह वापरण्यास आरंभ केला. त्याची भिंगे बदलता येत व भात्यामुळे अधिक जवळ जाता येई. पण तोही द्विभिंगीच होता. म्हणजे उपकरण बदलले तरी जात बदलली नाही. असा कॅमेरा छातीपाशी किंवा पोटापाशी धरतात. छायाचित्रकार मान लववून काचेवरील प्रतिमा पाहतो, आणि ती प्रतिमा डावी-उजवी उलटलेली असते. साहजिकच चौकट जुळविण्यास वेळ लागतो. मात्र कॅमेरा डोळ्याला लावलेला नसल्याने त्याचा चेहरा झाकला जात नाही. चौकट जुळल्यावर मान वर करून समोरच्या व्यक्तीकडे पाहता येते, तिच्याशी बोलता येते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी कोणते सर्वनाम योजले यावरून बोलणाराचे ऐकणाराशी असलेले नाते उघड होते. कॅमेऱ्याच्या निवडीवरूनही असेच नाते काही अंशी उघड होते.

आता वादाकडे वळू. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन शारकोव्स्की यांनी मांडलेल्या प्रदर्शनातून आर्बस यांचे काम विशेष प्रसिद्धीस आले. पुढे सुझन सोन्टाग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात या चित्रांवर कठोर टीका केली. ही चित्रे करुणा जागी करीत नाहीत, आणि आपण किती विद्रूप दिसतो याची चित्रांतील व्यक्तींना जाणीव आहे की नाही, अशी त्यांची शंका होती. मात्र या व्यक्ती समोरासमोर उभ्या राहून छायाचित्रकाराला सहकार्य करतात, हेही सोन्टाग यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

येथे उपकरणाची साक्ष उपयोगी पडते. हळू चालणारा, छातीशी धरलेला, दर १२ चित्रांनंतर पुन्हा भरावा लागणारा हा कॅमेरा लपूनछपून चित्र घेण्यास फारसा सोयीचा नाही. फ्लॅशने तर लपणे अशक्यच होते. तेव्हा ही चित्रे चोरलेली नव्हेत, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. परंतु या साक्षीला मर्यादा आहे. चित्र काढू देण्यास दिलेली संमती म्हणजे त्या चित्राला पुढे चिकटणाऱ्या अर्थाला दिलेली संमती नव्हे. सोन्टाग यांच्या शंकेचा हा दुसरा भाग कॅमेऱ्याच्या रचनेवरून सुटत नाही.

हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेची परंपराही २०१३ मध्ये खंडित झाली. आज या पिढीचे फिल्म कॅमेरे घ्यावयाचे तर ते वापरलेलेच मिळतात. व्यक्तिचित्रासाठी त्यांतून एखादा निवडताना निगेटिव्हचे माप आणि भिंगाची प्रत अवश्य पाहावी. पण तो हाती धरल्यावर आपण समोरच्या माणसापुढे कसे उभे राहणार आहोत, हेही त्याच वेळी ठरवावे लागते.