नारायणराव पेशव्यांचा वध व मागाहूनच्या आठवणी

दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. ही हकीगत ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. परंतु तीतील किती भाग त्या दिवसाचा आणि किती मागाहून मिळालेला, याचा विचार आम्ही आज ज्ञातिबांधवांपुढे मांडीत आहो. कारण एका स्त्रीची अब्रू त्यात गुंतलेली आहे.

निर्विवाद भाग थोडा आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास वारले व धाकट्या बंधूंस पेशवाई मिळाली. चुलते रघुनाथराव वधाच्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. सुमेरसिंग प्रभृति गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून आत घुसले. नारायणराव चुलत्यांच्या आश्रयास धावले, तेथेच मारले गेले, व त्यांना वाचवू पाहणारा सेवक चाफाजी टिळेकर हाही पडला. मागून रघुनाथराव पेशवे झाले, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांस दोषी ठरविले.

‘काका, मला वाचवा’ हे शब्द मात्र कोणी ऐकून सांगितले? जवळ असलेल्यांपैकी पुष्कळ जण मेले. उरले ते मुख्यत्वे मारेकरी आणि स्वतः काका. धावत गेलेल्या मुलाने काकांस हाक मारली असेल यात नवल नाही. परंतु नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी घोटून गुळगुळीत झालेले दिसतात. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ नाटक १९०९ चे व प्रभातचा ‘रामशास्त्री’ चित्रपट १९४४ चा. त्यांच्या प्रेक्षकांस आपण इतिहासच डोळ्यांनी पाहिला असे वाटले, तर तो दोष त्यांचा नव्हे. घराण्यांच्या आठवणींचीही तीच गत. ज्या ज्या घरचे पूर्वज ‘त्या दिवशी वाड्यात होते’ म्हणतात, ते सगळे खरोखर असते तर गारद्यांस आत शिरावयास जागाच उरली नसती!

आता ‘ध’ चा ‘मा’. रघुनाथरावांनी चिठ्ठीत ‘धरावे’ लिहिले आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही कथा इतकी रुजली की तिची म्हण झाली. ग्रँट डफ याचा ग्रंथ १८२६ चा, म्हणजे वधानंतर ५३ वर्षांनी आलेला. त्यातील मजकूर बारकाईने वाचावा. अक्षर बदलल्याचे रामशास्त्र्यांस आढळले, असे तो निश्चयाने सांगतो. तो बदल आनंदीबाईंनी केला, असे मात्र सर्वांचा तसा समज आहे एवढ्याच आधारावर म्हणतो. त्यांस दूषण देण्यास तो कचरत नाही, पण पुरावा देत नाही. चौकशीत आढळलेली गोष्ट आणि लोकांचा समज या दोहोंतील हे अंतर मागून आलेल्यांनी पुसून टाकले.

शिवाय ही कथा कोणाच्या सोयीची, हेही पाहिले पाहिजे. ती खरी मानली तर रघुनाथरावांच्या माथी फक्त धरण्याची आज्ञा उरते व खुनाचे पाप पत्नीकडे जाते. राघोबादादांच्या पक्षास याहून सोयीची हकीगत कोणती? उलट बारभाईंच्या पक्षासही त्या बाईंचे वाईट झाल्याचे दुःख नव्हते. दोन्ही पक्षांनी जी गोष्ट विनाहरकत चालू दिली, तिच्याकडे आम्ही अधिकच संशयाने पाहतो.

म्हणून आम्ही आठवणी टाकून द्या म्हणत नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपतच्या प्रकरणी अस्सल पत्रांपुढे बखरी ताडून पाहिल्या, तसेच येथेही करावे. पळणे, गाठणे, टिळेकराचे मरण या ठळक कृती आठवणीत टिकतात. संभाषण आणि मनातील हेतू टिकत नाहीत, ते सांगणारा पदरचे भरतो.

रघुनाथराव १७८३ मध्ये वारले, आनंदीबाई १७९४ मध्ये. ती चिठ्ठी आजपावेतो संशोधकांच्या हाती लागलेली नाही.