महसुली संगणकजाळे आणि सर्व्हरक्षमतेचे नियोजन : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना
शासकीय संगणकीकरणाच्या इतिहासात योजनांची नावे व संगणकांची संख्या नोंदवली जाते. सर्व्हरची क्षमता कोणत्या आधारे ठरवावी, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. नाशिक जिल्ह्याच्या अनुभवातून या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जाळ्याचा विस्तार
पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सातबारा उतारा पीककर्जापासून न्यायालयीन दाव्यापर्यंत सर्वत्र लागतो. २००८ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हाती घेतला. पुढे राज्यात ई-फेरफार प्रणाली आली आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद राज्य पातळीवरील सर्व्हरवर गेली. परिणामी सुरगाण्याचा तलाठी आणि निफाडचा तलाठी एकाच अदृश्य रांगेत उभे राहिले.

रांगेचे गणित
या रांगेचे गणित जुने आहे. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रावरील भाराची शास्त्रीय मांडणी केली. या शास्त्रातील सर्वांत साध्या प्रारूपानुसार यंत्र निम्मा वेळ व्यस्त असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेइतकी असते. ते ९० टक्के व्यस्त झाले, की प्रतीक्षा नऊपट होते. म्हणजे भार दुपटीहून कमी वाढतो, प्रतीक्षा मात्र नऊपट वाढते. केवळ सरासरी भार पाहून केलेले नियोजन येथेच फसते.

२०१७ चा अनुभव
१ जून २०१७ पासूनच्या शेतकरी संपात नाशिक जिल्हा अग्रभागी होता. त्यानंतर जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेसाठी ऑनलाइन अर्ज अनिवार्य होता. राज्यभरातील शेतकरी मर्यादित दिवसांत एकाच संकेतस्थळाकडे वळले. सर्व्हर मंदावल्याच्या तक्रारी आल्या, केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या, आणि १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. हा भार संगणकांच्या संख्येने नव्हे, तर शासननिर्णयातील तारखेने निर्माण केला होता.

निष्कर्ष
सर्व्हरक्षमता ही केवळ तांत्रिक बाब नसून प्रशासकीय निर्णयाची बाब आहे. मुदत ठरवणारा अधिकारी नकळत भारही ठरवत असतो. म्हणून योजनेचा मसुदा तयार होतानाच सर्वाधिक गर्दीच्या तासाचा अंदाज घेणे, अथवा तालुकानिहाय तारखा देऊन भार विभागणे आवश्यक ठरते. अन्यथा यंत्राची त्रुटी भरून काढण्याचा भार रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो.