बार्सेलोनाचे पारंपरिक उत्सव

स्पेनच्या ईशान्येकडील कॅटालोनिया प्रदेशाची राजधानी बार्सेलोना येथील ऋतुमानाशी व ख्रिस्ती संतांशी निगडित असलेले लोकोत्सव. २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या (कॅटालन – सांत जॉर्दी) सणास गुलाब व ग्रंथ भेट देतात. १९२६ मध्ये सुरू झालेला ग्रंथदिन पुढे याच तिथीस जोडण्यात आला. १९९५ मध्ये यूनेस्कोने ती जागतिक ग्रंथदिनासाठी स्वीकारली. २३ जूनच्या रात्री संत जॉनप्रीत्यर्थ होळ्या पेटवितात व ‘कोका’ हे गोड पक्वान्न खातात. २४ सप्टेंबरच्या सुमारास साजरा होणारा ला मेर्से हा शहराचा प्रमुख उत्सव होय. टोळधाडीच्या संकटानंतर १६८७ मध्ये नगरसभेने मेर्से मातेस नगराची संरक्षक मानले. १८६८ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यास मान्यता दिली. महाकाय प्रतिमांची मिरवणूक, सार्दाना हे वर्तुळनृत्य आणि मानवी मनोरे (कास्टेल) ही त्याची वैशिष्ट्ये होत. मनोऱ्यांची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हाल्स येथे उदयास आली. २०१० मध्ये यूनेस्कोने तिला मानवी वारशात स्थान दिले. फ्रँकोच्या राजवटीत (१९३९–७५) कॅटालन भाषेच्या सार्वजनिक वापरावर कठोर निर्बंध होते. १७१४ मधील पराभवाचा ११ सप्टेंबर हा स्मृतिदिन पाळण्यासही बंदी होती. त्यामुळे लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर झालेले उत्सवांचे पुनरुज्जीवन हे केवळ करमणुकीचे नव्हे, तर भाषिक अस्मितेच्या पुनःप्रतिष्ठेचे साधन ठरले.