सालगिरहची गाठ आणि एक जूनचा वाढदिवस

१ जून उजाडला की महाराष्ट्रातल्या लाखो मोबाईलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊन आदळतात. येवल्यासारख्या विणकरांच्या गावात एकाच घरातले वडील, चुलते आणि आत्या असे तिघेही कागदोपत्री त्याच तारखेला जन्मलेले सापडतात. गंमत म्हणून या दिवसाला कुणी ‘राष्ट्रीय वाढदिवस’ म्हणते. शुभेच्छा स्वीकारणारा हसतो, ‘शुक्रिया’ म्हणतो आणि कामाला लागतो. आपला खरा वाढदिवस कोणता, हे त्याला माहीत नसते. ज्या आईला माहीत होते, ती आता हयात नसते.

ही तारीख आली कुठून? शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिलीत बसायला मुलाची सहा वर्षे पूर्ण हवीत. बाप मुलाला घेऊन शाळेत जाई. गुरुजी विचारत, ‘जन्मतारीख?’ बाप म्हणे, ‘बडी ईद के दूसरे दिन हुआ था, उस साल बारिश बहोत थी.’ ईद आणि पाऊस हजेरीपटात लिहिता येत नाही. मग गुरुजी मुलाकडे बघून वयाचा अंदाज घेत, सहा वर्षे मागे जात आणि लिहीत, १ जून. या एका ओळीने मुलाला शाळेचे दार उघडले, म्हणून त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच ओळीने पुढे त्याच्या नोकरीचा शेवटही ठरवला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या कार्यालयांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. गुरुजींच्या अंदाजाने पन्नासएक वर्षांनंतर लोकांना घरी पाठवले.

१ जून ही काही एकट्या मुसलमानांची तारीख नाही. दलित, शेतकरी, शेतमजूर, भटके, विणकर, ज्यांच्या घरातून पहिल्यांदा कुणी शाळेत गेले त्या सगळ्यांची ती तारीख आहे. ज्या घरात जन्मपत्रिका मांडली जाई, तिथे घटका-पळांपर्यंतची वेळ कागदावर असे. जिथे पत्रिका नव्हती, तिथे आठवण होती. म्हणजे जन्मतारीख असणे किंवा नसणे, हा प्रश्न मुळात घरात लिहिणारा हात होता की नव्हता, याचा आहे.

येवल्याकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पैठणीचे हे गाव साळी, कोष्टी, खत्री आणि मोमीन अशा अनेक विणकर समाजांच्या हातांवर उभे राहिले. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले अनेक मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर ही त्यांची मोठी ठाणी झाली. विणकराच्या घरात माग घरातच असतो. बाप मागावर, आई कांड्या भरायला, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन. सहा-सात मुले, म्हातारी दादी, एखादा लग्नाचा चुलता आणि मालकाला ठरल्या दिवशी द्यायची साडी. अशा घरात ‘आज कुणाचा वाढदिवस?’ हा प्रश्न पडायला फुरसत कुठली? पण याचा अर्थ मुलांच्या जन्माची कुणाला किंमत नव्हती असा नाही. त्या घरांनी जन्म लक्षात ठेवण्याच्या स्वतःच्या रीती केल्या होत्या.

पहिली रीत नावाची. जुन्या पिढीतली ही नावे पाहा: रमजान, शाबान, रज्जब, ईदू, शबराती, जुम्मन, जुमराती. ही नुसती नावे नाहीत, जन्माच्या नोंदी आहेत. शबराती शबे-बरातच्या आसपास जन्मला, जुम्मन शुक्रवारी आणि जुमराती गुरुवारी. आपल्याकडच्या सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्ऱ्या या नावांमागेही हाच हिशेब आहे. मुलाला हाक मारली की त्याचा जन्मदाखलाच वाचला जाई. साल मात्र नावात मावत नसे. ते प्लेग, दुष्काळ, पूर, दंगल यांच्या खुणेवर लक्षात राही. ७२ च्या दुष्काळात जन्मलेली मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली, हे तिच्या आईला कॅलेंडरशिवाय सांगता येते.

दुसरी रीत धाग्याची. वाढदिवसाला उर्दूत ‘सालगिरह’ म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. सालगिरह म्हणजे वर्षाची गाठ. मुलाच्या नावाचा एक धागा जपून ठेवायचा आणि दरवर्षी त्याला एक गाठ मारायची. गाठी मोजल्या की वय कळते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही ही वही ठेवता येत असे. जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींचे तपशीलवार वर्णन केले. ते ‘कानून-ए-इस्लाम’ या नावाने १८३२ मध्ये लंडनहून इंग्रजीत छापले गेले. सालगिरहच्या धाग्याची चाल त्यातही आली आहे. आज ‘सालगिरह मुबारक’ म्हणणाऱ्या किती जणांना त्या शब्दातली गाठ दिसते?

तिसरी रीत बिस्मिल्लाहची. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला पहिला धडा द्यायचा, ही उपखंडातल्या मुसलमानांची जुनी चाल. मुलाला नवे कपडे घालून उस्तादासमोर बसवतात, त्याच्याकडून बिस्मिल्लाह म्हणवून घेतात, शिरनी वाटतात. हा सोहळा करायचा तर जन्माचा दिवस पक्का ठाऊक हवा, नाहीतर चार दिवस मोजणार कुठून? म्हणजे ज्या घराने पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाला काही केले नाही, ते घरही शिक्षणाच्या पहिल्या दिवसासाठी बोटांवर हिशेब ठेवत होते. सातव्या दिवशी अकीका, त्याच्याआधी सहाव्या दिवशी छट्टी. आपल्या मराठी मुलखात सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात. मोहल्ला बदलला तरी सहावा दिवस तोच.

राजवाड्यातली गोष्ट वेगळी होती. तिथे लिहिणारे हात भरपूर होते. मोगल दरबारात बादशहाची वर्षातून दोनदा तुला होई, एकदा सौर वर्षाच्या वाढदिवसाला आणि एकदा चांद्र वर्षाच्या. अकबराच्या मुला-नातवांची तुला वर्षातून एकदा व्हायची. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिची पद्धत दिली आहे. मूल दोन वर्षांचे झाले की एका वस्तूने तुला करायची, पुढे दरवर्षी एकेक वस्तू वाढवायची. तराजूत पडलेला माल गरजूंना वाटला जाई. १६०७ मध्ये जहांगीरने शहजादा खुर्रमची तुला केली. त्या प्रसंगाचे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान. तुलादान ही मुळात भारतीय राजांची रीत, ती मोगलांनी उचलली. औरंगजेबाने पुढे स्वतःची तुला बंद केली.

दोन पंचांगांचा हा गुंता सामान्य घरातही होताच. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. हिजरी हिशेबाने वाढदिवस मोजला तर तो कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, आणि तेहतीस वर्षांचा माणूस हिजरीत चौतीस वर्षांचा ठरतो. दादी रमजानवरून वय सांगते आणि नातू आधार कार्डावरून. दोघांचा आकडा जुळत नाही, पण खोटे कुणीच बोलत नसते.

मुलांचा वाढदिवस साजरा करावा की नाही, यावर आपल्या समाजात मतभेद आहेत. अनेक उलेमा त्याला परक्यांची नक्कल किंवा बिदअत मानतात. काहींना शुकराना म्हणून साधेपणाने केलेली दुआ आणि सदका यात गैर वाटत नाही. हदीसमध्ये येते की पैगंबरांना (स.) सोमवारच्या रोजाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी हा आपल्या जन्माचा दिवस असल्याचे सांगितले. सुफींच्या दर्ग्यांवर मोठा दिवस असतो तो उरुसाचा, म्हणजे संताच्या वफातीचा. पैगंबर जयंतीलाही आपल्याकडे आत्ताआत्तापर्यंत ‘बारावफात’च म्हणत. जन्माचा आणि वफातीचा दिवस एकच मानला गेला आणि लोकांनी लक्षात ठेवले ते वफातीचे नाव. केक आणि मेणबत्त्या तर फारच अलीकडच्या. टीव्ही आणि बेकरी गल्लीत आली, तेव्हा त्या आल्या. हा वाद ज्याने त्याने आपल्या घरात सोडवावा. इथे प्रश्न साजरा करण्याच्या आधीचा आहे. तारीख लिहून ठेवली का?

येवल्याच्याच एका मोठ्या माणसाचे उदाहरण बघू. तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा. त्यांच्या जन्माचा दिवस पक्का सांगता येत नाही. एप्रिल १८५९ मध्ये इंग्रजांच्या कैदेत नोंदवलेल्या जबानीत त्यांचे वय ‘सुमारे पंचेचाळीस’ असे आले आहे. १८१४ हे त्यांचे जन्मसाल त्या अंदाजाशी जुळते. फाशीची तारीख मात्र अगदी स्पष्ट आहे, १८ एप्रिल १८५९, शिवपुरी. सरकारला माणूस मारायचा होता म्हणून त्याने ती तारीख लिहून ठेवली. ज्या घरात तो जन्मला, त्या घरातली नोंद आपल्यापर्यंत पोचली नाही.

खुद्द छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर दशकानुदशके वाद झाला. एक बाजू १६२७ सांगे. जेधे शकावली उजेडात आल्यावर १६३० ला बळ मिळाले आणि शेवटी राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. फातिमा शेख यांचे प्रकरण तर ताजे आहे. ९ जानेवारी ही त्यांची जयंती म्हणून साजरी होते, पण त्या तारखेला समकालीन कागदाचा आधार नाही. एवढ्यावरून २०२५ च्या जानेवारीत फातिमा शेख नावाची बाईच नव्हती, असा गलका झाला. सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तारीख सिद्ध होत नाही म्हणून माणूसच खोटा ठरवायचा, हा डाव इतिहासातल्या फातिमावर खेळला गेला. जिवंत माणसांवरही तो खेळला जाऊ शकतो.

म्हणूनच वाढदिवसाची ही गोष्ट आज नुसती गमतीची राहिलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. गुरुजींच्या अंदाजाला आता जागा नाही. दुसरीकडे, ज्यांची नोंद राहून गेली त्यांचा मार्ग अरुंद होत चालला आहे. वर्ष उलटून गेल्यावरची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, राज्यभर असे दाखले देणे थांबवले आणि पुढे नियम कडक केले. खोटे दाखले काढणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण ज्याच्या बापाकडे फक्त ईद आणि पाऊस एवढाच पुरावा होता, तोही त्याच संशयाच्या रांगेत उभा राहतो.

मोठ्या घरात हा घोळ आणखी वाढतो. सहा भावंडांपैकी दोघांची तारीख १ जून, त्यांच्या वयात वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर गुरुजींनी साल बदललेले. रेशन कार्डावर एक वय, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग तिसरेच. शेख, शेक, शैख. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिचे कागद आणखी विखुरतात. ज्या दिवशी पासपोर्ट, शिष्यवृत्ती किंवा मतदार यादीचे काम निघते, त्या दिवशी कळते की घरात प्रेम भरपूर होते, नोंद नव्हती.

याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्माला येणे हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जन्म हातात नसतो, हे त्यांनी इथल्या मातीवर सांगितले. जन्माची नोंद मात्र आईबापाच्या हातात आहे. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत ती करायची असते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिथून कळवले जाते, पण दाखल्यावर बाळाचे नाव घालून घ्यायचे काम अनेकदा राहते. ते नंतर घालता येते, पण ‘नंतर’ हा शब्द मोठ्या घरात फार लांबतो.

ज्यांना केक कापायचा त्यांनी कापावा, ज्यांना नाही त्यांनी दोन भुकेल्यांना जेवू घालावे. ज्या घरात सहा मुले आहेत, त्या घराने सहा वेगळे समारंभ करण्याची गरज नाही. एक वही करावी. प्रत्येक मुलाचे नाव, जन्माची इंग्रजी आणि हिजरी तारीख, दाखल्याचा नोंदणी क्रमांक आणि सगळ्या कागदांवर एकसारखे असलेले स्पेलिंग तिच्यात लिहावे. दरवर्षी त्या त्या दिवशी वही काढावी, मुलाकडून त्याचे नाव वाचून घ्यावे. आपल्या आज्या-पणज्यांनी अक्षर येत नसताना धाग्याला गाठी मारून हे काम केले. आपल्या हातात तर पेन आहे.