जवाचे मोड आणि आडवी बाटली

गटाच्या कामासाठी आम्ही शिरवळहून पुण्याला गेलो होतो, तेव्हा भर पेठेतली एक छोटी बिअरची भट्टी आतून पाहून आलो. दारूचं नाव काढलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, तशा आमच्याही पडल्या. पण आतली कृती ओळखीचीच निघाली. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट सोडायचं. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या, आंबील आंबवणाऱ्या बाईला यात नवीन ते काय!

अशा लहान भट्ट्या आपल्याकडे अलीकडच्याच. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ निघाली, ती देशातल्या पहिल्या काहींपैकी. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत गोरे शिपाई मायदेशीच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हानं, कंटाळ्यानं डोकी फिरत. म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडसर.

त्याच इंग्रजांच्या देशात १३०० सालच्या सुमारास बिअर करणं हे बायकांचं घरकाम होतं. घरात पुरून उरली की शेजारीपाजारी विकायची, चार पैसे गाठीला. पुढे हॉप्स आले, बिअर टिकायला लागली, लांब पाठवता येऊ लागली. मग मोठी भांडी आली, भांडवल आलं आणि १६०० पर्यंत धंदा बऱ्याच अंशी पुरुषांच्या हातात गेला. पापड-मसाला करणाऱ्या गटांनी हे जरा मनात ठेवावं.

आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं-विकणं परवान्याखाली आलं आणि सरकारच्या तिजोरीत महसूल पडू लागला. पुण्यात दुकानं वाढली, तेव्हा १८८० साली नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याला लेखी विरोध केला. त्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंचं नायगाव तर आपल्या खंडाळा तालुक्यातलंच.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बंदी नंतर सैल झाली, कायदा मात्र तोच आहे. म्हणून तर आजही प्यायला परवाना लागतो, कोणी काढतं की नाही ते सोडा.

आपल्या हाती खरं बळ आलं ते मतदानाचं. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की दुकान राहावं की जावं यावर गुप्त मतदान घेता येतं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. पण आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, ती झालेल्या मतदानातली नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांमधली. त्या दिवशी खुरपायला गेलेली बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते.