हार्ट्स-टंग फर्न: युरोपात सर्रास आढळणारी वनस्पती अमेरिकेत दुर्मीळ का?

ब्रिटनमध्ये जुन्या भिंतींच्या फटींत आणि सावलीतल्या ओलसर जागी एक फर्न सहज दिसतो. त्याचाच अमेरिकन उपप्रकार मात्र 1989 पासून अमेरिकेच्या 'धोक्यात असलेल्या' प्रजातींच्या सरकारी यादीत आहे. असं का?

नाव कुठून आलं?

बहुतेक फर्नची, म्हणजे नेच्यांची, पानं पिसांसारखी चिरलेली असतात. याचं पान मात्र अखंड, लांबट आणि चकचकीत हिरवं असतं. ते हरणाच्या जिभेसारखं दिसतं, म्हणून हे नाव. यातल्या 'हार्ट'चा हृदयाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत नर हरणाला हा शब्द होता. शास्त्रीय नाव आहे अस्प्लेनियम स्कोलोपेंड्रियम. पानामागे बीजाणूंच्या तपकिरी रेघा ओळीनं असतात. त्या गोमेच्या पायांसारख्या दिसतात आणि ग्रीक भाषेत गोमेला 'स्कोलोपेंद्रा' म्हणतात.

चुनखडीच का?

या फर्नला चुन्याचा अंश असलेली जमीन मानवते. ब्रिटनमध्ये जुन्या बांधकामातल्या चुन्यामुळे त्याला भिंतीही चालतात. अमेरिकन उपप्रकार मात्र चुनखडी आणि डोलोमाइटच्या खडकांपुरताच मर्यादित आहे. त्यातही त्याला गर्द सावली, ओलावा आणि शेवाळानं झाकलेले दगड लागतात.

तो कुठे आढळतो?

वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्श यांना 1807 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या परिसरात तो सापडला. आज न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्ये त्याची मोजकी ठिकाणं आहेत. दक्षिणेकडे अलाबामा आणि टेनेसीत तो खोल, थंड खडकाळ विवरांत आढळला आहे. सर्वाधिक झाडं कॅनडातल्या ओंटारिओमध्ये, नायगारा कड्याच्या परिसरात आहेत.

युरोपातली रोपं तिथे लावली तर?

त्यानं प्रश्न सुटणार नाही. युरोपीय फर्नमध्ये 72 गुणसूत्रं असतात, तर अमेरिकन उपप्रकारात त्याच्या दुप्पट, 144. दिसायला सारखे असले, तरी दोघांचा आनुवंशिक वारसा वेगळा आहे.

धोका कशाचा?

दगडखाणी, जंगलतोड, हौशी संग्राहकांनी उपटून नेलेली रोपं, पर्यटकांच्या पायाखाली तुडवली जाणारी जागा आणि परकी आक्रमक वनस्पती. वरची झाडं तोडली की ऊन थेट खडकावर पडतं आणि ओल संपते. फर्नला फुलं-बिया नसतात. बीजाणू रुजून आधी एक चिमुकली, पातळ पापुद्र्यासारखी अवस्था तयार होते. तिच्यावर पाण्याचा थर असेल तरच नरपेशी पोहत अंडपेशीपर्यंत पोहोचते. म्हणजे ओलावा गेला, की पुढची पिढीच थांबते.

उपाय काय?

न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी प्रयोगशाळेत बीजाणूंपासून रोपं वाढवून ती जंगलात लावली आहेत. पण रोपं टिकायची तर सावली आणि ओल धरून ठेवणारा जंगलाचा तो तुकडाही टिकायला हवा. चुनखडीचा खडक एकदा फोडला, की तिथे हे घर पुन्हा बांधता येत नाही.