परदेशी फोनचा रस्ता आणि आपला पिवळा बूथ

मंडळी, आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशातल्या भावाचं तोंड बघत फुकटात बोलतो. पण हा फोन राजूरपर्यंत आला कसा?

१९३३ साली मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला, तो साहेबलोकांपुरताच. १९७१ ला जुन्नर तालुक्यात आर्वीला देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. त्याला नाव विक्रम साराभाईंचं. १९७६ ला मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवता येऊ लागला. तोवर कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं.

गावागावात हे पोचवलं ते एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या बूथनं. आधी ००, मग देशाचा कोड, सौदी ९६६, दुबई ९७१, मग नंबर. कान पोराच्या आवाजाकडं, डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर! अर्ध्या गोष्टी मनातच राहायच्या.

हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. अनेकांची घरं त्यावर चालली. मोबाईल आला, बोलणं स्वस्त झालं, चांगलंच झालं. पण बूथ बंद पडले तेव्हा त्या माणसांचं पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. मी पत्रकार असून मीही नाही.

तुमच्या गावात बूथ कोण चालवायचं? आज ते काय करतात? खाली लिहा.